मनमिळाऊ सोडून बोला : आमच्या पप्पांच्या आठवणी

धाकटी लेक, पुणे

पप्पा गेले त्याला सहा आठवडे झाले. चर्चमध्ये स्मरणार्थ उपासना झाली, तिथे नऊ जण बोलले. मी मोजले, कारण पप्पांनी मोजले असते. नवांपैकी सात जणांनी त्यांना 'मनमिळाऊ' म्हटलं.

आमचे पप्पा मनमिळाऊ नव्हते. कुणाच्या घरी गेले की यजमानांना सलाम करायच्या आधी त्यांची नजर वर छताकडे जायची. स्लॅबला ओल आहे का, कोपऱ्यात पापुद्रे सुटलेत का, हे पाहून झालं की मग "बरे आहात ना?" माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "तुमच्या मोरीच्या भिंतीला आतून पाझर आहे." लग्न मोडलं नाही, एवढंच.

म्हणून हे आवतण. ज्यांना ज्यांना ते माहीत होते त्यांनी लिहा, पण विशेषणं नकोत. एखादा प्रसंग सांगा, एखादं वाक्य, एखादं भांडणसुद्धा चालेल. आईला रोज संध्याकाळी वाचून दाखवते आहे.

ज्यांना पूर्ण माहिती नाही त्यांच्यासाठी : जन्म 1938, राहुरीजवळच्या खेड्यात. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. पुण्यात सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि 1959 साली कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर म्हणून लागले. मधे इकडेतिकडे बदल्या झाल्या, पण फिरून फिरून कोयनाच. 1996 मध्ये उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आणि वडगाव शेरीला फ्लॅट घेतला. त्यानंतर चर्चचे खजिनदार, दोन खेपा.

आणि एक कोडं. पप्पांच्या 31 वह्या सापडल्या आहेत. घरखर्च, पाऊस, चर्चचा हिशेब, सगळं एकाच वहीत, साइटवरच्या मेजरमेंट बुकासारखे रकाने आखून. त्यात 1974 पासून दर महिन्याला एक नोंद आहे : "त. 0.75". पुढे "त. 3", गेल्या वर्षी "त. 20". ही 'त' कोण? चर्चमधल्या एका मावशींचं म्हणणं, कुणा विधवेला गुपचूप मदत करत असणार. आईला विचारलं तर हसते आणि विषय बदलते. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

कोयनेवरचा सहकारी, निवृत्त शाखा अभियंता, कराड

ताई, तुमच्या कोड्याचं उत्तर शेवटी देतो. आधी साहेबांबद्दल.

मी 1979 ला लागलो. तेव्हा साइटवर ओव्हरसियरला 'रावसाहेब' म्हणायची पद्धत होती आणि मी बावीस वर्षांचा रावसाहेब होतो. पहिल्याच आठवड्यात साहेब मला धरणाच्या पोटात घेऊन गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धरण म्हणजे भरीव भिंत. आतून लांबच्या लांब बोगदा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. एक माणूस ताठ चालेल एवढी उंची. पायऱ्या कायम ओल्या, भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ आणि बारा महिने थंडगार. दिव्यांमधलं अंतर एवढं, की एकाचा उजेड संपला की चार पावलं अंधारातून टाकायची.

प्रत्येक धरण झिरपतं. झिरपलेलं पाणी गॅलरीतल्या गटारात येतं आणि तिथे व्ही आकाराची खाच पाडलेली पाटी बसवलेली असते, व्ही-नॉच. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजायची, तक्त्यात बघायचं, सेकंदाला किती लिटर ते कळतं. मी पट्टी लावली आणि आकडा सांगितला. साहेबांनी वहीत घेतला नाही. गुडघ्यावर बसले, ओंजळीत पाणी घेऊन टॉर्चसमोर धरलं. म्हणाले, "किती आलं ते नंतर. आधी कसं आलं ते बघायचं. निवळ आलं तर मोजायचं. गढूळ आलं तर वर पळत जायचं आणि साहेबाला उठवायचं, तो झोपलेला असला तरी." गढूळ पाणी म्हणजे आतलं काहीतरी वाहून येतंय. नोकरीत एवढं एक वाक्य शिकलो असतो तरी पगार वसूल होता.

आता दुसरी बाजू. ताई म्हणाल्या भांडण चालेल, म्हणून लिहितो. एका कालव्याच्या कामावर दगडी पिचिंगचं, म्हणजे काठाला बसवलेल्या दगडांच्या थराचं, माप घेताना साहेबांना संशय आला. ठेकेदाराने मांडलेल्या बिलापेक्षा काम कमी होतं. दुसरा कुणी असता तर दोन ठिकाणी खोदून बघून बिल कापलं असतं. साहेबांनी सगळं पुन्हा मोजायला काढलं. नऊ दिवस गेले. चौदा ब्रास कमी भरलं. ठेकेदाराने मिठाईचा पुडा पाठवला, साहेबांनी तो ऑफिसातल्या शिपायासमोर उघडला, पेढे वाटले आणि खालचं पाकीट पोचपावती घेऊन परत पाठवलं. ही गोष्ट सगळे सांगतात. सांगत नाहीत ते हे, की त्या नऊ दिवसांत बिल अडकलं आणि मुकादमाच्या टोळीला पगार मिळाला नाही. बाया आमच्या ऑफिससमोर येऊन बसल्या, कडेवर पोरं. ठेकेदार म्हणाला, तुमच्या साहेबाला विचारा. साहेब बाहेर गेले, पाच मिनिटं उभे राहिले, आत आले आणि पुन्हा माप घ्यायला निघून गेले. मी त्या वेळी त्यांच्यावर चिडलो होतो. आजही वाटतं, चौथ्या दिवशी काहीतरी करता आलं असतं. चार महिन्यांत साहेबांची धुळ्याला बदली झाली, तो भाग तुम्हाला माहीतच आहे.

आणि कोयना वीज प्रकल्पाचा चौथा टप्पा. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळाखाली बोगदा नेऊन शेवटचा खडक पाण्याखालीच उडवायचा, लेक टॅपिंग. आपल्याकडे पहिल्यांदा झालं ते 13 मार्च 1999 ला, शनिवारी. साहेबांनी त्या कामावर निवृत्तीपर्यंत हाडं झिजवली होती. मी त्यांच्यासाठी पास मिळवला. फोनवर म्हणाले, "नाही जमत. चर्चच्या शिपायाच्या मुलीचं लग्न आहे त्या दिवशी, पाण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे." मी कपाळावर हात मारला. हजार मेगावॅट एकीकडे आणि वऱ्हाडाला पाणी एकीकडे! संध्याकाळी त्यांचाच फोन आला. स्फोट कसा झाला हे विचारलं नाही. विचारलं, "पाणी आत आलं तेव्हा दगडाचा चुरा कुठे बसला? खड्ड्यातच ना?" खडक फुटल्यावर त्याचा चुरा पाण्याबरोबर पुढे जाऊ नये म्हणून बोगद्याच्या तोंडाशी खाली खड्डा ठेवलेला असतो, त्याबद्दल ते विचारत होते.

आता 'त'. ताई, त म्हणजे तपकीर. गॅलरीतल्या कुबट वासावर उपाय म्हणून सुरू केली आणि सुटली नाही. डबी टॉर्चच्या पिशवीत असायची. मला शपथ घातली होती, पण आता शपथ संपली असं समजतो.

धाकटी लेक

एक तास हसतोय आम्ही. आईला सांगितलं. म्हणाली, "पन्नास वर्षं त्यांचे रुमाल मी धुतले. मला कोण सांगणार?" चर्चमधल्या मावशींना अजून सांगितलेलं नाही.

आईने सांगितलं, लेकीने लिहून घेतलं

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले. आमचं लग्न 1965 चं. लग्नानंतर कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये गेलो. तिथे पाऊस म्हणजे पाऊस. वर्षाला पाच हजार मिलिमीटर म्हणायचे हे, मला एवढंच कळायचं की जून ते सप्टेंबर एक कपडा वाळत नाही. आमच्यासारखी सात-आठ ख्रिस्ती घरं होती. नर्सा, क्लार्क, एक सर्व्हेअर, एक ड्रायव्हर. रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत उपासना व्हायची. हे पेटी वाजवायचे. आवाज बरा नव्हता, पण ताल सोडायचे नाहीत.

डिसेंबर 67. दहा तारखेला रविवार होता, नाताळची गाणी बसवत होतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ह्यांना सगळी पाठ. हे राहुरीचे ना, टिळक तिथे राहून गेलेले, त्यामुळे जरा जास्तच अभिमान. रात्री उशिरा सगळे घरी गेले. पहाटे सव्वाचारच्या पुढे खाट भिंतीवर आपटली. आधी आवाज आला, जमिनीतून, रेल्वे घरात शिरावी तसा. सप्टेंबरात एक धक्का बसला होता, बारीकसारीक तर नेहमीचेच, म्हणून मला वाटलं थांबेल. थांबेना. थोरला दीड वर्षाचा होता. ह्यांनी त्याला उचललं, मला ढकललं, दार अडकलं होतं ते खांद्याने पाडलं. आम्ही बाहेर आणि मागे भिंत आत कोसळली. दगडाची भिंत. पाळणा तिच्याखाली.

अंगणात बसवलं, घोंगडी टाकली, टॉर्च घेतला आणि म्हणाले, "मी धरणावर जाऊन येतो."

मी काय बोलले ते लिहू नकोस.

गेले. लोक डोंगराकडे पळत होते, धरण फुटलं म्हणून ओरडत होते. मी पळाले नाही, कारण मूल घेऊन अंधारात कुठे पळणार? आणि उजाडल्यावर जखमी यायला लागले. पोराला शेजारणीकडे दिलं आणि कामाला लागले. दिवसभर. पट्ट्या संपल्या तेव्हा माझी दोन लुगडी फाडली. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली म्हणतात. त्यातली काही माझ्या हाताखालून गेली.

हे दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आले. डोळे लाल, कपडे चिखलाने भरलेले. मी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. ह्यांनी मुलाला बघितलं, मला बघितलं आणि म्हणाले, "वर भेगा पडल्यात. ओल दिसते. पण उभं आहे." मग तिथेच मातीत बसून झोपले.

खूप नंतर मला समजावून सांगायचे, धरणाच्या पोटात एक यंत्र होतं, त्याने धक्का कागदावर लिहून घेतला. बांधताना भूकंपाचा जोर धरला होता गुरुत्वाकर्षणाच्या 0.05 पट आणि नोंद झाली 0.6 च्या वर. दहा-बारा पट. जगभरच्या पुस्तकांत तो कागद गेला म्हणायचे. मी विचारलं, मग उभं कसं राहिलं? ह्यांनी इंजिनियरी उत्तर दिलं, जिथे धरणाचा उतार बदलतो तिथे भेग गेली, मग मागून पुस्ते देऊन बळकट केलं वगैरे. मी म्हटलं, आणि प्रार्थना? म्हणाले, "ती मी केली. पण ती रिपोर्टात लिहायची नसते."

नाताळ त्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पेटीवर कौलं पडली होती, भाता फाटलेला. ह्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. काळी दोन दाबली की बारीक शिट्टी वाजायची, ती शेवटपर्यंत. दुसरी पेटी घेऊ दिली नाही.

थोरला मुलगा, मस्कत

मीच तो पाळण्यातला. आईने हे इतकं सविस्तर मला कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात बसून वाचलं आणि जेवायला गेलोच नाही.

तरी माझी तक्रार आहे आणि धाकटीने परवानगी दिलीय. 1984 ला बारावीला मला कमी मार्क पडले. खासगी इंजिनियरिंग कॉलेजं वर्षापूर्वीच सुरू झाली होती, डोनेशन भरलं की सीट. माझे तीन मित्र तसेच गेले, त्यांचे वडील पप्पांच्याच खात्यातले. पप्पा म्हणाले, "माझ्याकडे पैसे नाहीत." खरं होतं. पुढे म्हणाले, "असते तरी दिले नसते." हे बोलायची गरज नव्हती. मी डिप्लोमा केला, बाहेर पडलो, चांगलं चाललंय. पण ते दुसरं वाक्य मला चाळीस वर्षं चावलं. मागच्या वर्षी सुट्टीत घरी होतो तेव्हा एका रात्री विचारलं. कानात यंत्र नव्हतं, तीनदा ओरडून विचारावं लागलं, शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिलं वाक्य पुरे होतं."

माफी म्हणायची तर तेवढीच.

पाळकसाहेब

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

मी या मंडळीत सहा वर्षं आहे. तुमचे पप्पा, आमचे भाऊ, तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसत. बोगद्यातल्या सुरुंगांनी त्यांचे कान गेले होते. गाण्याच्या वेळी यंत्र चालू असे. मी पुलपिटावर चढलो की त्यांचा हात कानाकडे जात असे, हे मला दुसऱ्याच रविवारी दिसलं होतं. मला वाटायचं, बंद करतात. त्यांच्या पत्नीने आता ती वही मला दाखवली तेव्हा कळलं, आवाज वाढवत होते.

त्या वहीत माझी सगळी प्रवचनं आहेत. तारीख, शास्त्रपाठ आणि वेळ. नमुना देतो. "38 मि. उदाहरणे 3, मुद्दा 1." "41 मि. मुद्दा सापडला नाही, पुन्हा विचारणे." एका पावसाळी रविवारी, "17 मि. उत्तम. पाळकसाहेबांची तब्येत?" माझी आई वारली त्यानंतरच्या रविवारी मी उभा राहिलो होतो, तेव्हा वेळेच्या रकान्यात नुसती रेघ आहे.

दानार्पणाची मोजणी दोघांनी करायची हा नियम त्यांनी घातला. एकट्याने पिशवी उघडायची नाही, मी असलो तरी. पहिल्यांदा मला राग आला होता. "तुमच्यावर संशय नाही, साहेब," ते म्हणाले, "उद्या तुमच्यावर कुणी घेऊ नये म्हणून." कापणीच्या सणाला लिलावाचा हिशेबही तसाच. भोपळा कुणी घेतला, कितीला, पैसे दिले की राहिले.

त्यांच्याविरुद्ध कमिटीत असलेला

माझं नाव न घालता छापा. चर्चची फरशी बदलून संगमरवर घालायचा ठराव माझा होता, देणगीदार मी आणला होता. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "आधी पत्रे. वरून गळतंय आणि आपण खाली चकाकी आणतोय." चारचौघांत. देणगीदार गेला. मी दोन वर्षं त्यांना सलाम केला नाही, त्यांनीही केला नाही. त्या जुलैत वेदीच्या वरचाच पत्रा उडाला. ते मला एका शब्दाने काही बोलले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. आपलं म्हणणं खरं ठरल्यावर माणसाने थोडं तरी चुकावं. फरशी अजून जुनीच आहे.

रविवार शाळेतली, आता शिक्षिका

पाळकसाहेबांनी लिलावाचं लिहिलंय त्यात भर. मी आठ वर्षांची होते. आमच्या घरी देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आईने तीन अंडी दिली, फडक्यात बांधून. येताना एक फुटलं. लिलाव करणाऱ्या काकांनी फडकं सोडलं आणि लोक हसले. मागून आवाज आला, "दोन अंडी, पन्नास रुपये." दुसरं कुणी बोली लावली नाही. आजोबांनी पैसे दिले, अंडी घेतली, माझ्याकडे आले. मला वाटलं शाबासकी देणार. म्हणाले, "अंडी फडक्यात नाही, पिठाच्या डब्यात आणायची. पिठात हलत नाहीत."

अजून तशीच नेते.

कोयनेच्या पाण्याखालच्या गावचा नातू, सध्या रायगड जिल्हा

मी तुमच्यातला न्हाई, पण लिव्हावं वाटलं.

आमचं गाव शिवसागरात गेलं. आमाला हिकडं वसाहतीत आणून टाकलं. आजा मरंस्तवर म्हणायचा, आपली घरं मोजायला एक टेपवाला पोरगा आलता, कवळा होता, घरात शिरताना चपला भाईर काढायचा. बाकीचे सायब जोत्यावर बूट घेऊन चढायचे.

प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी आमी धा-बारा वरसं हेलपाटं घालत हुतो. जुना कागद मिळना. कुनीतरी म्हटलं, त्यो टेपवाला पुन्यात हाय, निवृत्त झालाय. आमी बा आन् मी दोघं गेलो. त्येंनी दार उघडलं, आमाला बसवलं, बाईंनी पोहे केले. गावाचं नाव सांगितलं तसे उठले, कपाटातनं एक वही काढली, पिवळी पडलेली. 1960 ची. बोट फिरवलं आन् वाचायला लागले. आज्याचं नाव, बावीस फूट बाय चौदा, भिंती मातीच्या, पश्चिमेला गोठा, म्होरं पडवी.

बा खाली बघून ऐकत हुता. मग म्हनला, "अंगनात फनस हुता. त्यो लिव्हलाय का?"

सायब म्हनले, "झाडं दुसऱ्या वहीत असायची. ती माझ्याकडं नव्हती." जरा थांबले, मग पेन काढला आन् त्याच पानावर लिव्हलं, फणस एक, त्या दिवसाची तारीख घालून. बा ला इचारलं, किती जुना? बा म्हनला, माज्या आज्यानं लावल्याला. त्येबी लिव्हलं.

कचेरीत ती वही सरकारी न्हाई म्हनून चालली न्हाई. त्येंचं मोजमाप बरुबर हुतं. घर पान्यातच ऱ्हायलं. उन्हाळ्यात पानी उतरलं की जोती दिसत्यात, बा गेला हुता एकदा बघायला. मी कुनाला दोष देत न्हाई, आन् माफबी करत न्हाई. पर चपला काढायचा हे खरं.

धाकटी लेक

भाऊ, ते पान सापडलं. शाईचे दोन रंग आहेत. फोटो काढून तुम्हाला पाठवते.

सोसायटीतल्या शेजारीण काकू

आमच्या दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे आणि त्यांच्या नाताळच्या करंज्या-अनारसे आमच्याकडे, हे पंचवीस वर्षं. अनारसे आमच्यापेक्षा त्यांच्याकडचे सरस, हे मी आज कबूल करते. ह्यांच्या तिरडीला पहिला खांदा त्यांनी दिला. टाकी धुणाऱ्याला मात्र ते नकोसे व्हायचे, स्वतः आत उतरून बोट फिरवून बघायचे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

नात, बारावी

लेक टॅपिंग आजोबांनी मला कसं शिकवलं ते सांगते. बादलीत पाणी भरलं. म्हणाले, बादली रिकामी न करता तळातून नळ काढायचा आहे, कसा काढशील? मी म्हटलं, भोक पाडून. म्हणाले, मग भोक पाडणारा बुडेल. मी विचार केला. म्हटलं, खालून पाडत यायचं आणि शेवटचा पापुद्रा ठेवायचा. ते इतके खूश झाले की त्यांनी खरंच आईच्या नव्या बादलीला खालून गिरमिट लावलं.

ती बादली आता कुंडी आहे.

धाकटी लेक

सगळ्यांचे आभार मानत नाही, पप्पांना ते लांबण वाटलं असतं.

एकच गोष्ट राहिली. गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक आहे. कोयनेवर रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायची सवय लागली ती पुण्यातही सुटली नाही. निवृत्तीनंतर एकही पावसाळा चुकलेला नाही. परगावी गेले तर शेजारच्या काकांना चावी देऊन जायचे आणि आल्यावर त्यांच्या वाचनावर शंका घ्यायचे.

काल रात्री इथे पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. आठ पस्तीसला जिन्यावरून खाली आली, गुडघे धरत. वही काढली, त्यांच्याच रकान्यात लिहिलं : 27. मी गच्चीवर जाऊन आले. मापाच्या नळीतलं पाणी डोळ्यासमोर आडवं धरून वाचायचं असतं, आईने वरून वाकून बघितलं असणार. तिने पाणी ओतलंही नव्हतं. मी वाचलं तर 24 भरलं.

खाली आले. आई म्हणाली, "बरोबर आहे ना?"

मी हो म्हटलं. उद्यापासून तिला धरून वर नेते.